नववी ब, पट चोपन्न

"एक कमी हाये," सांडू खरात म्हणाला.

पटांगणात टाळ्या चालू होत्या, त्यामुळे ते कुणाला ऐकू गेलं नाही. मुख्याध्यापिका सरिता बोरसे हातातला मोबाईल उंच धरून पोरांना वेळ दाखवत होत्या. पाच मिनिटं दहा सेकंद. धोक्याची घंटा वाजल्यापासून चारशे तीस मुलं तीन मजली इमारतीतून एका जिन्याने खाली आली होती, न पडता, न ढकलता. आदल्या दिवशी शिकवलेलं सगळं पोरांनी पाळलं होतं. दप्तरं वरच ठेवली होती आणि हात पुढच्याच्या खांद्यावर. दहावीची काही पोरं जिन्यात हसली, तेवढंच.

"मॅडम, नववी ब मधी एक कमी हाये," सांडू पुन्हा म्हणाला.

वर्गशिक्षक अतुल सरांनी रांगेवरून नजर फिरवली. वर्गाची मॉनिटर सोनिया म्हणाली, "सगळे आहेत सर, मी मोजले."

"किती मोजले?"

"त्रेपन्न."

"आन् हजेरीत आज किती हायेत?"

अतुल सरांनी काखेतलं हजेरीपुस्तक उघडलं. नववी ब, पट चोपन्न, हजर चोपन्न. मग त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. "हां, युसरा असेल. ती वरच असते."

"वरच असते म्हंजी?"

"तिच्या पायाला प्रॉब्लेम आहे. कुबड्या घेऊन चालते. प्रार्थना, पी.टी., कशालाच ती खाली येत नाही. आम्ही सूट दिली आहे तिला."

सरिता मॅडमही जवळ आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "खरात साहेब, सरावच तर होता. कशाला त्या पोरीला त्रास द्यायचा?"

सांडूने टोपी काढून अतुल सरांच्या हातात दिली आणि तो जिन्याकडे निघाला.

सांडू खरात अग्निशमन दलात लीडिंग फायरमन होता. फुलंब्रीकडच्या एका खेड्यातून सव्विसाव्या वर्षी भरती होऊन तो शहरात आला, त्याला एकतीस वर्षं झाली. सहा वर्षांपूर्वी रंगाच्या एका गोदामाच्या आगीत त्याच्या छातीत धूर गेला. दोन महिने दवाखान्यात काढून तो परत आला तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की याला आता आगीवर पाठवू नये. मग त्याचं करायचं काय, म्हणून साहेबांनी त्याला शाळा दिल्या. तेव्हापासून तो गाडीचालक फारूखसोबत एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायचा. बरोबर लोखंडी ट्रे, गोणपाट, दोन लाल सिलिंडर आणि एक घरगुती गॅसची टाकी. दलातली पोरं त्याला 'मास्तर' म्हणत. सुरुवातीला ते त्याला लागायचं. शिडीवर चढणाऱ्या माणसाला खडू दिला, असं तो घरी बायकोला म्हणाला होता.

पण पुढे त्याला हे काम जमलं. तो वर्गात उभा राहून विचारायचा, "आग दिसली तर सगळ्यात पयलं काय करताल?" मागच्या बाकावरून हमखास उत्तर यायचं, "व्हिडिओ काढू!" सगळा वर्ग हसायचा, सांडूही हसायचा. मग म्हणायचा, "काढा की. फकस्त काढणाऱ्यानं घरच्यांचा नंबर आम्हाला देऊन ठेवा, मागनं फोन आम्हालाच करावा लागतो." त्यानंतर वर्ग शांत व्हायचा आणि तो एकशे एक नंबरपासून सुरुवात करायचा.

एक गोष्ट तो न चुकता करायचा. बाहेर आलेल्यांची संख्या तो कुणाच्या सांगण्यावरून लिहायचा नाही. त्याला कारण होतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका कापडदुकानाला आग लागली होती. वरच्या मजल्यावर मालकाचं घर होतं. मालकाचा पुतण्या रस्त्यात उभा राहून सांगत होता की घरातले सगळे बाहेर आले. सांडूने ते ऐकलं आणि साहेबांना तसंच सांगितलं. आग विझल्यावर दोन तासांनी माडीवर मनकर्णाबाई नावाची म्हातारी सापडली, मालकाची दूरची चुलती. पुतण्या खोटं बोलला नव्हता. घरातली माणसं मोजताना त्याला ती आठवलीच नव्हती. चौकशीत सांडूवर काहीच ठपका आला नाही. साहेब म्हणाले, तुला घरच्यांनीच सांगितलं, तू काय करणार. ते खरंही होतं.

चव्वेचाळीस पायऱ्या होत्या. सांडू दोनदा थांबला. वरच्या मजल्यावर पोचला तेव्हा त्याच्या छातीत शिट्टी वाजत होती. नववी ब चं दार बंद होतं. त्याने ढकललं, तर ते थोडं सरकून अडकलं. खाली काहीतरी कोंबलेलं होतं. त्याने खांदा लावला.

दाराच्या फटीत युनिफॉर्मची ओढणी होती, पांढरी, चिंब भिजलेली. वर्गातल्या एक सोडून सगळ्या खिडक्या लावलेल्या होत्या. त्या एका उघड्या खिडकीपाशी, कठड्याला धरून, एक मुलगी उभी होती. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या होत्या.

"सर, दार उघडलंत तुम्ही," ती म्हणाली. "धूर आत येईल ना."

सांडूला दम लागला होता, म्हणून तो पहिल्या बाकावर बसला. "हे... हे कुणी सांगितलं तुला कराया?"

"तुम्हीच. काल. खाली जाता येत नसेल तर दार लावा, फटीत ओला कपडा कोंबा, आणि खिडकीतून हात हलवा म्हणालात."

"मग हलवला हात?"

"हलवला ना. लई वेळ." तिने खाली पटांगणाकडे बघितलं. "कुणी वर बघितलंच नाही. तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होते."

सांडूने उठून ओढणी उचलली, खिडकीबाहेर पिळली आणि वाळायला कठड्यावर पसरली. शिक्षकांच्या टेबलावर तिची पाण्याची बाटली ठेवलेली होती. अर्धी रिकामी झालेली, झाकण उघडं.

"नाव काय बाळा?"

"युसरा."

"पायाला काय झालं?"

"दुसरीत होते तेव्हा टेम्पोनं उडवलं. करमाडला, खालाकडे, म्हणजे मावशीकडे गेलो होतो." हे तिने इतक्या वेळा सांगितलं असावं की आता ते दुसऱ्या कुणाबद्दल बोलल्यासारखं वाटत होतं.

"इतकं वर कशी येती?"

"अब्बू आणतात, पाठीवर. बाकीची पोरं यायच्या आधी. पाच वाजता घ्यायला येतात."

"आन् मधी?"

"मधी मी इथंच असते."

आपण तिला खाली न्यावं का, असं सांडूला वाटलं. पण तिने म्हटल्याशिवाय तिला उचलणं बरोबर नव्हतं, आणि त्याच्या छातीला ते झेपलंही नसतं. तो जायला निघाला, तेव्हा ती म्हणाली, "सर, मी ओढणी लावली ते खाली सांगू नका. हसतील सगळे."

"नाय सांगत."

ऑफिसात सरिता मॅडमनी चहा मागवून ठेवला होता. टेबलावर अहवालाचा फॉर्म होता. त्यात एक ओळ होती: सर्व विद्यार्थी सुरक्षित ठिकाणी पोचले काय? पुढे होय आणि नाही असे दोन चौकोन. संस्थेच्या तपासणीसाठी हा कागद शुक्रवारपर्यंत हवा होता.

"मी 'होय' लिव्हू शकत नाय मॅडम," सांडू म्हणाला.

"अहो, खरी आग असती तर आम्ही तिला आणलंच असतं की."

"कुणी आणलं असतं?"

सरिता मॅडमनी अतुल सरांकडे पाहिलं. अतुल सरांनी दारात उभ्या असलेल्या शिपायाकडे पाहिलं. शिपायाने चहाचे कप उचलले आणि तो बाहेर गेला.

"वर्ग खाली आणता यायचा नाय का?"

"कुठे आणू?" मॅडमचा आवाज चढला. "खाली ऑफिस आहे, स्टाफरूम आहे आणि संस्थेची बैठकीची खोली आहे. ती तात्यासाहेबांच्या ताब्यात. एका मुलीसाठी चोपन्न पोरांचा वर्ग हलवायचा म्हणजे... तुम्हाला शाळा चालवायची नाहीये, खरात साहेब. मला चालवायची आहे."

त्यात खोटं काही नव्हतं. सांडूने फॉर्मची घडी करून खिशात ठेवली. "गुरुवारी परत येतो. परत एकदा घेऊ. तवर कायच लिव्हत नाय."

गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी होती. आत येईना म्हणून फारूखने ती औरंगपुऱ्याच्या रस्त्यावरच लावली होती आणि मागून स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते. सांडू चढून बसेपर्यंत साहेबांचा फोन आलाच. संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब साहेबांच्या ओळखीचे होते.

"खरात, शाळेत काय गोंधळ घातलास?"

"कायच नाय साहेब. एक पोरगी मोजायची राहिली व्हती."

"मग आता मोजली ना? सही करून टाक."

"गुरुवारी परत घेतो साहेब."

"अरे, रिटायर व्हायला चार महिने राहिलेत तुझे. सुखाने काढ की."

"सुखानंच काढतोय साहेब. गुरुवारी गाडी मोकळीच हाये."

साहेबांनी फोन ठेवला. फारूखने गिअर टाकत विचारलं, "क्या बोले साहब?"

"सुखानं काढ म्हणले."

"मग काढो ना मास्तर. कायको टेन्शन?" फारूख म्हणाला आणि स्कूटरवाल्याला शिवी देत गाडी मागे घेऊ लागला.

संध्याकाळी घरी सांडूने बायकोला सगळं सांगितलं. युसराने खाली सांगू नका म्हटलं होतं, पण घर म्हणजे खाली नव्हे, असा त्याने मनाशी हिशेब केला. सारजाबाई मेथी निवडत बसली होती. ओढणीची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "हुशार पोरगी हाय." मग हात थांबवून तिने विचारलं, "पाणी कुठलं घेतलं तिनं?"

"बाटलीतलं. भरपूर व्हतं. अर्धी बाटली वतली तरी अर्धी शिल्लक."

"किती वाजले व्हते तवा?"

"साडेतीन झाले असतील."

"साडेतीनला बाटली भरल्याली?"

"मग?"

सारजाबाईने मेथीची जुडी खाली ठेवली. "तुमच्या ध्यानात नाय आलं व्हय? पोरगी पाणी पीत नाय. दिवसभर वर बसायचं तर खाली संडासाला कोण नेणार तिला? पोरीची जात, चौदा-पंधरा वर्षाची. महिन्याचे चार दिवस काय करत असंल?"

एकतीस वर्षांत सांडूने जळलेली घरं आतून पाहिली होती. कोण कुठे अडकलं असेल हे तो भिंतीच्या रंगावरून सांगू शकत असे. पण ती बाटली त्याच्या डोळ्यासमोर होती आणि ती त्याला दिसली नव्हती. सारजाबाईने मेथी पुन्हा हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी तो युनिफॉर्म न घालता, स्वतःच्या मोटारसायकलवर शाळेत गेला. सरिता मॅडमना वाटलं, फॉर्म घेऊन आला असेल.

"बसा खरात साहेब. झाली सही?"

"सहीचं नाय मॅडम." तो बसला नाही. "एक बोलायचं व्हतं. पण ते बायामाणसाचं हाये. मला नीट बोलता यायचं नाय. बायकोला आणायला पायजे व्हतं."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"त्या पोरीची पाण्याची बाटली," सांडू म्हणाला, "साडेतीनला पण भरल्याली व्हती."

"मग?"

"ती पीत नाय मॅडम. दिवसभर."

बोलून झाल्यावर तो भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघू लागला. मॅडमना समजायला सांडूइतका वेळ लागला नाही. त्यांच्या समोर त्यांचीही बाटली होती. ती उचलून त्यांनी टेबलाच्या दुसऱ्या कडेला ठेवली, कारण नसताना.

"आठवीत आली ती आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "दीड वर्ष झालं. आठवड्यातून चार तास मी त्या वर्गावर इंग्रजी शिकवते." आणि मग, "कधी काही बोलली नाही हो ती."

"नाय बोलायची."

"आम्हाला वाटलं, सूट दिली म्हणजे..."

सांडू जायला वळला. मॅडमनी बेल दाबली. शिपाई आला तेव्हा त्या म्हणाल्या, "बैठकीच्या खोलीची किल्ली आणा. आणि अतुल सरांना म्हणावं, दहावीची दहा-बारा पोरं घेऊन या, सोफे उचलायचेत."

शिपाई घुटमळला. "तात्यासाहेबांना विचारलंय का मॅडम?"

"आधी सोफे उचला. मग फोन करते."

तात्यासाहेबांनी फोनवर काय म्हटलं ते सांडूला कधी कळलं नाही. एवढं कळलं की त्यानंतर दोन दिवस मॅडम कुणाशी फारशा बोलल्या नाहीत आणि संस्थेचे करंडक स्टाफरूमच्या कपाटावर एकावर एक रचून ठेवले गेले. दोन शिक्षकांनी कुरकुर केली. नववी ब मधल्या पोरांनीही केली, कारण वरच्या वर्गातून गल्लीतली दुकानं दिसायची आणि इथे खिडकीसमोर नुसती भिंत होती.

गुरुवारी सांडू गाडी घेऊन आला तेव्हा अतुल सर फाटकापाशीच भेटले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं.

"सकाळी तिचे वडील आले होते. अफजलभाई, गादीवाले. मी काल मुलीला सांगितलं होतं, पण तिने घरी सांगितलंच नव्हतं. ते नेहमीसारखे जिन्यापाशी गेले आणि वाकले, पाठीवर घ्यायला. ती बाजूला उभी राहून म्हणाली, 'अब्बू, वर्ग इधरच है.' ते तसेच वाकलेले. 'जिना चढना नै क्या?' म्हणाले. ती म्हणाली, 'नै.' मग ते उठले. वर्गाच्या दारापर्यंत तिच्यामागून चालत गेले, आत डोकावले, आणि गेले."

"दुकानात गेले का?"

"नाही. थोड्या वेळाने परत आले, म्हणाले, 'वो पुरा जिना कितने पायरीका है सर?' मी म्हटलं, मला नाही माहीत. तर म्हणाले, 'चव्वेचाळीस.' आणि मग गेले."

सांडू हसला. "बराबर हाये."

साडेअकराला घंटा झाली. वर्ग एकामागून एक बाहेर पडू लागले. नववी ब चं दार आता पटांगणातच उघडत होतं. तिथली पोरं सगळ्यात आधी बाहेर आली आणि आपापल्या जागी उभी राहिली. सगळ्यांच्या मागून युसरा आली. कुबड्या पुढे टाकत, मग पाय, मग पुन्हा कुबड्या. सोनिया तिच्याबरोबर होती. तिने धरलं नव्हतं, नुसती बरोबर चालत होती. सांडूने असंच शिकवलं होतं का, ते त्याला आठवेना. बहुतेक नव्हतं शिकवलं.

शेवटचा दहावीचा वर्ग उतरला. सांडू हजेरीपुस्तक घेऊन नववी ब समोर आला, तर मुलींची रांग मोडलेली होती. तिथे काहीतरी चाललं होतं.

या शाळेत रांगा उंचीप्रमाणे लागत. लहान पुढे, उंच मागे. जूनमध्ये पहिल्या दिवशी पी.टी.चे सर जागा ठरवून देत आणि मग वर्षभर प्रत्येकीला आपली जागा पाठ असे. युसरा रांगेपाशी येऊन थांबली होती. तिला जागाच नव्हती.

"तू कितवी गं?" सोनियाने विचारलं.

"माहीत नाही."

"पुढं उभी राहा," कुणीतरी म्हणालं. "पुढंच बरं पडंल तिला."

"असं कसं? आधी बघू तर दे." सोनियाने युसराच्या कुबड्या दुसरीच्या हातात दिल्या आणि तिच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली. "सरळ हो ना. अजून. खांदे वर कर."

युसरा सरळ झाली. मागून एका मुलीने दोघींच्या डोक्यांवर हात आडवा ठेवला.

"सोनिया, तू गेलीस. पुढं सरक."

सोनिया एक पाऊल पुढे झाली. मग तिच्या मागची आली, पाठीला पाठ लावून गेली, पुढे सरकली. मग तिच्या मागची. मुली एकेक करून पुढे येत होत्या आणि युसरा जागची न हलता रांगेत मागे मागे जात होती. सांडू पेन हातात धरून उभा होता. पलीकडून अतुल सर ओरडणार होते, त्यांना त्याने हातानेच थांबवलं.

शेवटी तिच्यामागे दोघीच उरल्या.

"येवढी उंच हायेस व्हय तू?" त्यातली एक म्हणाली. "बसलेली असती तर कळतच नाय."

युसराने कुबड्या परत घेतल्या, पुढच्या मुलीपासून हातभर अंतर मोजलं आणि समोर बघत उभी राहिली. ऊन तिच्या डोळ्यांवर येत होतं. तिने ते टाळलं नाही.

सांडूने नावं वाचली. चोपन्न जणांनी हजर म्हटलं. त्याने फॉर्म काढून हजेरीपुस्तकावर ठेवला, 'होय'च्या चौकोनात खूण केली, सही केली, तारीख घातली आणि तो सरिता मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी न वाचताच त्याची घडी केली. त्याही रांगेकडेच बघत होत्या.

वर्गात परत जायची घंटा झाली. नववी ब ची रांग हलली. पुढच्या मुली रोजच्या सवयीने भराभर दारापर्यंत पोचल्या आणि रांगेत मध्येच एक मोठी फट पडली. युसराच्या मागच्या दोघी तिला ओलांडून गेल्या नाहीत. त्या तिच्या चालीनेच चालत राहिल्या, एक पाऊल टाकून थांबत, मग दुसरं.